मत मला होतं, तिला नव्हतं

"ओळखपत्र बघतच नाहीत?" अप्पांनी फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही बघत. नाव सांगायचं, पत्ता सांगायचा. मी यादीत रेघ मारणार आणि मतपत्रिका हातात देणार."

"आणि शाई?"

"शाई पण नाही."

पलीकडे कराडला बराच वेळ कुणी बोललं नाही. अप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. नोकरीभर त्यांनी इलेक्शन ड्युट्या केल्या. तहसील कचेरीच्या आवारात साहित्य वाटपाच्या रांगेत उभं राहायचं, मतपेटी सांभाळत एसटीनं कुठल्या तरी वाडीवर जायचं, रात्री शाळेच्या ओट्यावर झोपायचं आणि पहाटे लाख वितळवून मोहरा लावायच्या, असं सगळं. लाखेचा चटका बसल्याची खूण त्यांच्या उजव्या अंगठ्यावर अजून आहे. अशा माणसाला मी सांगत होते, की विलायतेत कुणीही येऊन "मी अमुक" म्हणालं की त्याला अमुक समजायचं.

"मग शेजारचा माझं मत टाकून गेला तर?"

"तर तुम्हाला वेगळ्या रंगाची मतपत्रिका देतात. ती पेटीत जात नाही, बाजूला ठेवतात."

"प्रदत्त मत," अप्पांचा जीव भांड्यात पडला. "एवढं तरी शिल्लक ठेवलंय म्हणायचं."

हे बोलणं झालं 22 जून 2016 च्या रात्री. दुसऱ्या दिवशी गुरुवारी ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं यावर सार्वमत होतं, आणि मी लंडनजवळच्या स्लाउमधल्या एका प्राथमिक शाळेत पोल क्लार्क, म्हणजे मतदान केंद्रावरची कारकून होते. ती शाळा माझीच. एरवी तिथे मी टीचिंग असिस्टंट. मतदानाच्या दिवशी शाळेला सुट्टी असते, हॉलमध्ये बूथ लागतात, आणि कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, दिवसभर बसणारी माणसं हवी असतात. त्याआधी दोनदा मी हे काम केलेलं होतं. एकदा 2015 च्या संसदेच्या निवडणुकीला, आणि एकदा याच वर्षी 5 मे रोजी कौन्सिलच्या. पैसे बरे मिळतात. सकाळी सात ते रात्री दहा हलायचं मात्र नाही.

भारतीय पासपोर्टवर हे काम कसं मिळतं, असं इथल्या आपल्या लोकांनीही विचारलंय. कामाला फक्त काम करायचा परवाना लागतो. पण नवलाची गोष्ट पुढे आहे: मला मतही होतं. कॉमनवेल्थ (राष्ट्रकुल) देशाचा, म्हणजे भारताचाही, नागरिक कायदेशीरपणे इथे राहत असेल आणि त्याने नाव नोंदवलं असेल, तर तो संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. सार्वमताच्या 2015 च्या कायद्यानं तीच यादी उचलली. म्हणजे ब्रिटिश, आयरिश आणि कॉमनवेल्थवाले. सायप्रस आणि माल्टा युरोपियन युनियनमध्येही आहेत आणि कॉमनवेल्थमध्येही, म्हणून त्यांनाही मत. बाकी पोलंड, इटली, फ्रान्स, रुमानिया यांच्या माणसांना नाही, मग ती इथे तीस वर्षं राहिलेली असोत. व्हिक्टोरिया राणीची उरलीसुरली पुण्याई आमच्या पदरात पडली होती, दुसरं काय.

आमच्या घरात त्यावरून चार महिने वाद चालू होता. नवरा आयटीत, बाहेर पडण्याच्या बाजूचा. त्याचं गणित सरळ होतं. आम्ही व्हिसाचे पैसे भरायचे, 2015 पासून वर मानशी वर्षाला दोनशे पौंड आरोग्य सरचार्ज, कायमचं राहायचं तर एप्रिलपासून पगार पस्तीस हजार पौंडांच्या वर पाहिजे, आणि आई-वडिलांना जवळ आणायचं म्हटलं तर 2012 पासून ते दार जवळजवळ बंदच. "आणि वॉर्सामधला माणूस बॅग उचलून विमानात बसतो. त्याला एक फॉर्म नाही. हा काय न्याय झाला?" बाहेर पडा म्हणणाऱ्यांनी हे दुखणं अचूक हेरलं होतं. प्रीती पटेल त्या वेळी मंत्री होत्या, करी हाउस वाचवा म्हणत फिरत होत्या. युरोपची दारं लावली की तुमच्या आचाऱ्यांना उघडतील, असा त्याचा अर्थ आमच्याकडच्या लोकांनी काढला. माझ्या सासूबाई तेव्हा पुण्यात एकट्या होत्या. त्यामुळे मला नवऱ्याचं म्हणणं खोडता येत नव्हतं, आणि खोडायची फारशी इच्छाही नव्हती. खरं सांगायचं तर मी त्याच बाजूला कलले होते.

मे महिन्यात एका मराठी घरी सत्यनारायणाला जमलो होतो. तिथे शिऱ्याच्या वाट्या हातात घेऊन ब्रिटनचं भवितव्य ठरत होतं. एक डॉक्टर काका सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथे आलेले. त्यांनी 1975 च्या सार्वमतातही मत दिलं होतं. तेव्हा प्रश्न होता युरोपियन समुदायात राहायचं का, आणि 67 टक्के लोक हो म्हणाले होते.

"मी पण हो म्हटलं होतं," काका म्हणाले. "पण तेव्हा ती मंडई होती. मंडईत जायला माझी ना नव्हती. चाळीस वर्षांनी बघतो तर मंडई माझ्या स्वयंपाकघरात येऊन फोडणीत मोहरी किती घालायची ते सांगतेय."

त्यांचीच सून, इथे बँकेत असलेली, फाडकन म्हणाली, "बाबा, मोहरी किती घालायची ते ठरवताना आपला माणूसही तिथे बसलेला असतो. बाहेर पडल्यावर तो नसेल, आणि माल विकायचा तर मोहरी त्यांच्याच मापानं घालावी लागेल."

सगळ्या चर्चेत मला पटलेलं हे एकच वाक्य. बाकी बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्या लाल बसवर लिहिलेले, युनियनला जाणारे आठवड्याला साडेतीनशे दशलक्ष पौंड, तुर्कस्तान युनियनमध्ये येणार की नाही येणार, हे ऐकून ऐकून कान किटले होते. त्यात 16 जूनला खासदार जो कॉक्स यांचा त्यांच्याच मतदारसंघात भर रस्त्यात खून झाला. दोन-तीन दिवस दोन्ही बाजूंचा प्रचार थांबला. शाळेच्या स्टाफरूममध्ये त्यानंतर कुणी हा विषय काढेना. चहा घेताना लोक हवामानावर बोलायला लागले. इंग्रज माणूस हवामानावर बोलायला लागला की समजावं काहीतरी बिनसलंय.

अप्पांचं मात्र वेगळंच. त्या रात्री फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "वेगळं निघायला हरकत नसते गं. पण विहीर कुठंय ते आधी बघावं लागतं."

हे मला कळायला वेळ लागला नाही. आमच्या घरची वाटणी झाली तेव्हा मी लहान होते. तिघा भावांनी जमीन वाटली, भांडी मोजली, बैलजोडीची किंमत लावली. विहीर मात्र कापता येईना. मग पाळ्या ठरल्या. कुणाला किती तास पाणी, रात्रीची पाळी कुणाची, मोटारीचं लाइट बिल कुणी भरायचं. वाटणी एका दुपारी झाली, विहीर कोर्टात अकरा वर्षं होती. मोठे चुलते आणि अप्पा अजूनही लग्नाकार्यापुरतंच बोलतात.

गुरुवारी पहाटे पाऊस. लंडनच्या पूर्वेला तर रात्रीपासून विजांसह कोसळत होता. किंग्स्टनच्या बाजूला पाणी शिरल्यामुळे दोन मतदान केंद्रं हलवावी लागली, असं नंतर कळलं. मी छत्री सांभाळत साडेसहाला पोचले, तर आमचे केंद्राध्यक्ष आधीच येऊन दारावर पाट्या चिकटवत होते. रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, पट्टीनं आखल्यासारखे. सोबत एक थर्मास, बिस्किटांचे दोन पुडे आणि दोऱ्यांसकट जास्तीच्या पेन्सिली. दुसरा क्लार्क कॉलेजचा पोरगा.

सातला पाच मिनिटं असताना केंद्राध्यक्षांनी पेटी उघडून आम्हाला आणि दारातल्या पहिल्या मतदाराला आतून दाखवली. रिकामी. मग प्लॅस्टिकचे बंद ओढून सील केली. अप्पा असंच करायचे, पोलिंग एजंटांना पेटी उलटी करून दाखवायचे. इथे लाखेचा वास नव्हता, तेवढाच फरक. हॉलमध्ये आदल्या दिवशीच्या जेवणाच्या कोबीचा वास मात्र होता.

माझं काम यादीचं. नाव-पत्ता ऐकायचा, यादीत बोट फिरवत क्रमांक शोधायचा, मोठ्यानं क्रमांक आणि नाव वाचायचं, पट्टी ठेवून रेघ मारायची. शेजारचा पोरगा दुसऱ्या यादीवर मतपत्रिकेच्या क्रमांकासमोर मतदाराचा क्रमांक लिहायचा आणि कागद द्यायचा. स्लाउमध्ये हे वाटतं तितकं सोपं नाही. आमच्या एकाच रस्त्यावर सिंग आणि कौर यांची पानंच्या पानं. "घर नंबर?" विचारल्याशिवाय रेघ मारली तर दिवसभराचा हिशेब कोलमडला समजा.

मतपत्रिका बघून बरेच जण गोंधळत होते, कारण तिच्यावर ना नाव ना चिन्ह. एक प्रश्न: युनायटेड किंगडमने युरोपियन युनियनचं सदस्य राहावं की युरोपियन युनियन सोडावं? खाली दोन ओळी, दोन चौकोन, एकात फुली. एका पंजाबी आजींनी माझ्याकडे बघून विचारलं, "पुत्तर, पार्टी कुठली?" पार्टी नाही म्हटल्यावर त्या खट्टू झाल्या. मला काहीच समजावता येत नव्हतं. प्रश्न वाचून दाखवता येतो, त्याच्यापलीकडे एक शब्द नाही. फुलीचंही गमतीचंच. आपल्याकडे मास्तर फुली मारतात ती चूक असल्यावर. इथे फुली म्हणजे होकार.

आठ वाजल्यापासून पेनवाले यायला लागले. कुणीतरी उठवलं होतं, की पेन्सिलची मतं गुप्तहेर खात्याचे लोक रात्री खोडणार आणि उलटी फुली मारणार. एक गृहस्थ खिशातून पेन काढून केंद्राध्यक्षांपुढे नाचवत म्हणाले, "हे चालेल ना? की हेही तुम्हाला नको?" केंद्राध्यक्षांनी शांतपणे सांगितलं, चालेल. मग हळूच मला म्हणाले, "तीन-साडेतीन कोटी फुल्या एका रात्रीत खोडायच्या म्हणजे रबर केवढं लागेल?" दुपारपर्यंत पेनवाल्यांपैकी निदान चौघं आपली पेनं बूथमध्ये विसरून गेले होते. ती मी एका कपात ठेवली.

नवरा साडेसातलाच मत देऊन गेला. मी त्याचं नाव मोठ्यानं वाचलं, पट्टीनं रेघ मारली. तो अगदी गंभीर चेहऱ्यानं "थँक यू" म्हणाला. घरी कधी म्हणत नाही.

आता ताईबद्दल. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी पोलिश बाई. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पहिल्या वर्षापासून मी तिला ताई म्हणते, वयानं दहा वर्षांनी मोठी म्हणून. तिला बरेच दिवस वाटायचं, ते तिच्या नावाचं भारतीय रूप आहे. 1 मे 2004 ला पोलंड युरोपियन युनियनमध्ये आला. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तीनच देशांनी नव्या लोकांना लगेच कामाची दारं उघडली, आणि पुढच्या वर्षी ती नवऱ्याच्या मागोमाग इथे आली. एका दिवाळीला मी करंज्या नेल्या होत्या, तर एक उचलून तिनं कड निरखली आणि म्हणाली, "ही मुरड आमची आहे." दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या पिएरोगी आणल्या. उकडलेल्या, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज, पण कडेला तीच मुरड, तशीच चिमटीनं घातलेली. त्या दिवसापासून आमचं जमलं.

संध्याकाळी साडेपाचची गर्दी. लोक कामावरून येतात, दाराबाहेर रांग, बाहेर पुन्हा पाऊस सुरू, छत्र्यांचं पाणी हॉलभर. रांगेत ताई होती. केस नीट बांधलेले, चांगला कोट घातलेला. दुसरी नोकरी आटपून ती घरी जाऊन कपडे बदलून आलेली दिसत होती. माझ्यापुढे आली आणि हसली.

"कार्ड नाही आलं घरी," ती म्हणाली. "पण मे महिन्यात पण हरवलं होतं ना. तू म्हणालीस, कार्ड लागत नाही, नाव सांग."

म्हणाले होते. याच टेबलाशी, याच खुर्चीवरून.

"नाव?" मी विचारलं.

"तुला माहितीये."

"तरी सांगावं लागतं."

तिनं सांगितलं, पत्ता सांगितला. माझं बोट यादीत तिच्या घरावर पोचलं. नाव होतं. नावाजवळ इंग्रजी जी अक्षर होतं. ते अक्षर युरोपातल्या नागरिकांचं. मे महिन्यात त्याचा अर्थ होता मत द्या. या वेळच्या प्रशिक्षणात आम्हाला दोनदा बजावलं होतं, ती खूण दिसली की मतपत्रिका द्यायची नाही.

मी केंद्राध्यक्षांकडे बघितलं. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले. तिला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात समजावलं. मला सगळं ऐकू येत होतं, आणि रांगेतल्या पहिल्या चार माणसांनाही.

"सात आठवड्यांपूर्वी मी इथेच मत दिलं," ताई म्हणाली. "हिनंच कागद दिला."

"ती कौन्सिलची निवडणूक होती, मॅडम."

"म्हणजे कचऱ्याचे डबे कधी उचलायचे, ते मी सांगायचं."

केंद्राध्यक्ष काय बोलणार. ते "आय अॅम सॉरी" म्हणाले, आणि ते खरंच म्हणाले.

रांग थांबवता येत नाही. पुढचा मुलगा टेबलाशी आला होता. भारतीय, विशीतला, पाठीवर सॅक. नाव सांगितलं, पत्ता सांगितला, सापडला. मी रेघ मारली. शेजारच्या पोरानं मतपत्रिका घडी घालून त्याच्या हातात दिली. ताई अजून तिथेच होती, दोन हातांवर. तिनं त्या मुलाला विचारलं, रागानं नाही, बसस्टॉपवर विचारावं तसं, "किती वर्षं झाली इथे?"

"नऊ महिने," तो म्हणाला. "मास्टर्स करतोय." आणि मग त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण कागद घेऊन तो तिथेच घुटमळला. मला त्याला सांगावं लागलं, बूथ तिकडे आहे.

ताई माझ्याकडे वळली. "आणि तुला?"

केंद्रात बसणाऱ्यानं मताबद्दल बोलायचं नसतं, हा नियम आहे. तो नियम त्या क्षणी माझ्या कामी आला. मी खाली यादीकडे बघितलं आणि म्हटलं, "नेक्स्ट, प्लीज." हॉलच्या दाराशी तिनं छत्री उघडली, ती एकदा वाऱ्यानं उलटली, तिनं ती सरळ केली आणि गेली.

यात कुणी बेकायदा वागलं नव्हतं. कायदा लिहिणाऱ्यांना वाटलं असेल, युनियनमध्ये राहायचं का हे युनियनच्याच माणसांना कसं विचारायचं. त्यातही तथ्य आहे. पण मग मला का विचारलं? मला या देशात येऊन तेव्हा पुरती चार वर्षंही झाली नव्हती. दोन भाऊ वेगळे निघायचं म्हणतायत, अकरा वर्षं घरात राबलेल्या सुनेला ओसरीवर बसवलंय, आणि गेल्या आठवड्यात मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला विचारतायत, "तुमचं काय मत?" मी ती पाहुणी.

माझं स्वतःचं मत अजून द्यायचं होतं. माझं नाव त्याच केंद्राच्या यादीत. आठच्या सुमारास रांग विरळ झाल्यावर केंद्राध्यक्ष म्हणाले, आता उरकून घे. ते माझ्या खुर्चीत बसले, मी टेबलाच्या अलीकडे आले आणि माझं नाव, माझा पत्ता मोठ्यानं सांगितला. त्यांनी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकला आणि पट्टी ठेवून रेघ मारली.

बूथमध्ये शिसपेन्सिल दोऱ्याला लटकत होती. टोक बोथट झालं होतं. सकाळपासून शेकडो लोकांना मी तो कागद देताना पाहिला होता, पण वाचला आत्ताच. वरची ओळ राहा, खालची ओळ सोडा. विहिरीबद्दल त्यावर काही नव्हतं. युनियनमधलं आयर्लंड आणि ब्रिटनकडचं उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या सीमेचं काय होणार, बंदरावर कागदपत्रं कोण तपासणार, ताईसारख्या तीस-एक लाख लोकांनी कुठे जायचं, यातलं काही नाही. मी मघाशी सांगितलं, मी खालच्या ओळीकडे कलले होते. सासूबाईंचा एकटेपणा खरा होता, सरचार्जही खरा होता. आणि मी वरच्या चौकोनात फुली मारली. फार विचार करून मारली असं म्हणणार नाही. ताईची उलटलेली छत्री डोळ्यांपुढे होती म्हणून मारली.

दहाला दार लावलं. नवा नियम असा, की दहाच्या ठोक्याला जो रांगेत असेल त्याला मत देऊ द्यायचं. आमच्याकडे रांगच नव्हती. एक जण धावत दहा वाजून दोन मिनिटांनी आला. पॅडिंग्टनहून निघायलाच उशीर झाला म्हणाला, काचेतून हात जोडले. केंद्राध्यक्षांनी मान हलवली. मग हिशेब. दिलेल्या मतपत्रिका, उरलेल्या, खराब झालेल्या. बेरीज पहिल्या झटक्यात जमली. ते पेटी घेऊन मोजणीच्या हॉलकडे गेले आणि मी पेनांचा कप घेऊन घरी.

पहाटे नवऱ्यानं उठवलं. टीव्हीवर बीबीसीचे डिंबल्बी सांगत होते, ब्रिटन बाहेर पडणार. पाचही वाजले नव्हते. शेवटी आकडा आला 51.9 विरुद्ध 48.1. आमच्या स्लाउमध्ये 54.3 टक्के बाहेर पडा. इतक्या परक्यांच्या गावात असं कसं, असं वर्तमानपत्रवाल्यांना वाटलं. माझ्या यादीशेजारी दिवसभर बसले असते तर वाटलं नसतं.

"आपल्या घरची बेरीज शून्य," मी नवऱ्याला सांगितलं. तो हातातल्या मोबाइलवर पौंडाचा भाव बघत होता. पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता त्याच पौंडातून जायचा. तो म्हणाला, "म्हणजे तू...?" आणि पुढे काही बोलला नाही. सव्वाआठला पंतप्रधान कॅमेरून दारात येऊन राजीनामा जाहीर करत होते, तेव्हा मी शाळेकडे निघाले होते.

शुक्रवार म्हणजे शाळेत मासा आणि चिप्स. इंग्लंडातल्या बहुतेक शाळांत. ताई नेहमीच्या जागी, टोपी घालून, मोठ्या डावानं वाटाणे वाढत होती. काल मतदान केंद्र होतं तोच हॉल, बूथ लागले होते तिथेच जेवणाची टेबलं. पहिलीतल्या एका पोरानं ताट पुढे करत तिला विचारलं, "तू आता परत जाणार का?" कुणीतरी घरी बोललेलं त्यानं ऐकलं असणार. ताई म्हणाली, "आधी तू वाटाणे संपव. मग बघू." दोनच दिवसांनी, रविवारी, हॅमरस्मिथच्या पोलिश सांस्कृतिक केंद्राच्या दारावर कुणीतरी घाण लिहून गेलं. ताईनं तो विषय माझ्यापाशी कधी काढला नाही. मीही "नेक्स्ट, प्लीज"बद्दल माफी मागितली नाही. काय म्हणून मागायची, ते सुचलं नाही.

अप्पांना मात्र सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाईकडं बघून मत दिलंस. प्रश्नाकडं बघून द्यायचं असतं."

"प्रश्नात विहीरच नव्हती," मी म्हटलं.

विहीर नंतर निघालीच. आयर्लंडची सीमा, तिच्यावर साडेतीन वर्षं, दोन पंतप्रधान. 31 जानेवारी 2020 ला रात्री अकराला ब्रिटन बाहेर पडला. करीचे आचारी काही विमानं भरभरून आले नाहीत. दोनशे पौंडांचा सरचार्ज आता एक हजार पस्तीस झालाय. डॉक्टर काका अजून म्हणतात, बरोबरच केलं, स्वयंपाकघर परत मिळालं. त्यांची सून त्यावर काही बोलत नाही, नुसती मोहरीची बरणी त्यांच्यापुढे सरकवते. आम्ही मधल्या काळात ब्रिटिश पासपोर्ट घेतला. भारतीय पासपोर्ट रद्द होऊन परत आला तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले, "आता इथली शाई तुझ्या बोटाला लागायची नाही."

2023 च्या 4 मे रोजी कौन्सिलची निवडणूक होती. त्या वर्षीपासून इंग्लंडात मत द्यायला फोटो असलेलं ओळखपत्र सक्तीचं झालं. अप्पांना फोनवर सांगितलं तर खूश. "आत्ता कुठं शहाणे झाले."

त्याच शाळेत, त्याच हॉलमध्ये मी यादी घेऊन बसले होते. साडेपाचला ताई आली. केस आता पिकलेले आणि आखूड कापलेले. कौन्सिलसाठी तिचं मत अजून शाबूत आहे.

"नाव?" मी विचारलं.

तिनं सांगितलं, आणि न मागता पासपोर्ट टेबलावर ठेवला, लालसर रंगाचा, पोलिश. नियम असा, की फोटो बघायचा आणि मग चेहरा बघायचा. दहा वर्षं जिच्याबरोबर जेवतेय, तिचा मी आधी फोटो बघितला, मग मान वर करून चेहरा बघितला. ती बघू देत उभी राहिली, हलली नाही.

"मीच आहे," ती म्हणाली.

मी क्रमांक मोठ्यानं वाचला आणि पट्टी ठेवून रेघ मारली.